लंगडं काडतूस

"अहो, ही सात कुणाची?"

"कुठली सात?" ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

मे महिन्यातला रविवार होता. हे नुकतेच क्लबातून आले होते आणि मी नेहमीप्रमाणे त्यांची पिशवी सोप्यात अंथरलेल्या वर्तमानपत्रावर उपडी केली होती. उडवून झालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, पुसायच्या, पुन्हा भरायला ठेवायच्या, हे माझं काम. त्या दिवशी त्रेचाळीस पुंगळ्यांच्या बुडाला माझं गुलाबी कडं होतं. आणि सातांच्या बुडाला डाळिंबी.

"ही डाळिंबी रंगाची," मी म्हटलं.

"सरमिसळ झाली असेल. क्लबात सगळ्यांच्याच पुंगळ्या खाली पडतात."

हा माणूस दुसऱ्याची पुंगळी उचलायला कधी वाकला नसता. स्वतःची उचलतानासुद्धा कंबर धरायचा. मी सात पुंगळ्या पदराला पुसल्या आणि वेगळ्या ठेवल्या. पोटात मात्र काहीतरी पेटलं ते पेटलंच.

आमच्या घरात बंदूक सासऱ्यांपासून. हे कारखान्यात केमिस्ट होते, पण जीव सगळा खाणीवरच्या नेमबाजी क्लबात. तिथे मातीच्या तबकड्या हवेत उडवतात आणि त्या छर्ऱ्यांनी फोडायच्या. विकतची काडतुसं तेव्हा धड मिळत नसत, मिळाली तर दमट निघत. ह्यांच्याकडे घरी भरायचा परवाना होता. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, मला मागच्या खोलीत यंत्रापुढे बसवलं आणि म्हणाले, "सूनबाई, पोळीला पदर सुटतात ना तुझ्या हाताखाली? मग हेही जमेल." जमलं. बावीस वर्षं ह्यांच्या प्रत्येक काडतुसाला माझा हात लागला होता. जिल्ह्याची तीन पदकं भिंतीवर होती. त्यांच्या गळ्यात पडली म्हणून काय झालं, निम्मी माझी होती, आणि हे मी कुणालाही सांगायला कमी करत नसे.

काडतुसात सगळ्यात नाजूक असते ती केप. बुडाशी मधोमध बसणारी बटणाएवढी टोपी. बंदुकीतली टोची तिच्यावर आपटली की ठिणगी पडते आणि बार होतो. ती बुडाच्या आत पूर्ण बसायला हवी. जरा जरी वर राहिली, तर काडतूस घालून दुमडलेली बंदूक मिटतानाच दाब पडून बार व्हायची भीती. म्हणून आबांनी यंत्राशेजारी काचेची एक जाड पाटी ठेवली होती. भरलेलं प्रत्येक काडतूस तिच्यावर उभं करायचं. टक्‌ करून ताठ उभं राहिलं तर चांगलं. केप वर असली की ते डुलायचं. त्याला आमच्या घरात 'लंगडं' म्हणत. आबांचा नियम एकच होता: लंगड्याशी वाद घालायचा नाही. ठोकायचं नाही, कोरायचं नाही, पुन्हा दाबून बघायचं नाही. वाळूच्या डब्यात बाजूला ठेवायचं, हात धुवायचे, आणि दुसऱ्या दिवशी डोकं थंड असताना, चष्मा लावून, तोंड बाजूला करून, सावकाश उलगडायचं. "चुकलेल्या केपेपुढं ज्याला घाई झाली, त्याचं बोट गेलं," आबा म्हणायचे. त्यांचं स्वतःचं एक पेर गेलेलं होतं, त्यामुळे कुणी उलट बोलत नसे.

काचेवरून पास झालं की केपेच्या कडेनं मी नेलपॉलिश फिरवायची. ओल आत जायला नको म्हणून. बावीस वर्षं एकच गुलाबी. क्लबातले लोक म्हणायचे, इंगवल्यांची काडतुसं नखरेल. मला ते आवडायचं.

आणि आता कुणीतरी डाळिंबी बाई माझ्या पुंगळ्यांत आली होती.

ती कोण ते शोधायला मला आठवडाही लागला नाही. बुधवारी क्लबाच्या सेक्रेटरींकडे सत्यनारायण होता. तिथे प्रसाद घेताना समोरून एक हात पुढे आला. लांब, सावळी बोटं, आणि नखांना नेमका तोच डाळिंबी रंग. मी हातावरून नजर वर नेली. चौतीस-पस्तिशीची बाई, केस आखूड, कपाळाला टिकली नाही.

"वहिनी ना? मी ऋता पाटणकर. कॉलेजात फिजिक्स शिकवते. इंगवले सरांकडे नेम शिकतेय. सर तुमच्याबद्दल खूप सांगतात."

"हो का? तुमच्याबद्दल काहीच सांगत नाहीत," मी म्हटलं.

ती हसली. तिला ते झोंबलं असेल तर चेहऱ्यावर दिसलं नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

घरी येताना स्कूटरवर मी मागे बसून ह्यांना विचारलं, "त्या पाटणकर बाई काडतुसं कुठून आणतात?"

"ती? ती स्वतःच भरते. वडिलांचा परवाना होता, तो नावावर करून घेतलाय. हात चांगला आहे तिचा."

हात चांगला आहे. बावीस वर्षांत माझ्या हाताला हा माणूस असं कधी म्हणाला नव्हता. जेवण झाल्यावर "भाजी बरी झालीय" म्हणायचा, तेही मीठ मागून झाल्यावर.

संशयाचं एक बरं असतं, त्याला वेगळं खायला घालावं लागत नाही. मला सगळं आठवायला लागलं. रंगपंचमीच्या सुमाराला हे अंगठ्याला फडकं बांधून आले होते. "क्लबाच्या फाटकात सापडला," म्हणाले. मी हळद लावली, तर अंगठा चेंगरलेला नव्हता, भाजलेला होता. तेव्हा मी सोडून दिलं. आता म्हटलं, भाजला कुठे? कुणाच्या चुलीवर चहा ठेवताना? तेव्हापासून हे माझ्याशी कमी बोलत होते, तेही आठवलं. पूर्वी दुपारी पडल्या पडल्या आतून काहीबाही विचारत, "किती झाली गं?" म्हणून. तेही बंद झालं होतं. आणि पूर्वी शनिवारी पेटी भरून ठेवली की उघडून बघत; हल्ली तशीच बंद उचलून स्कूटरला लावत. जिथे ती उघडत असत, तिथे डाळिंबी नखं असत.

मन चिंती ते वैरी न चिंती. मी चांगली बावीस वर्षं संसार केलेली बाई, मुलगी पुण्याला होस्टेलवर, आणि शनिवारी महाद्वार रोडवर जाऊन मी डाळिंबी नेलपॉलिशची बाटली घेतली. दुकानदार म्हणाला, "वहिनी, आज रंग बदलला?" मी म्हटलं, "बदलला."

मला काय करायचं होतं ते सांगते. लाज वाटते, पण सांगते.

मला एक लंगडं काडतूस हवं होतं. डाळिंबी कड्याचं. ते ह्यांच्या डोळ्यांसमोर काचेवर उभं करायचं आणि म्हणायचं, "बघा तुमच्या चांगल्या हाताचं काम. जीव घेईल एक दिवस." बस्स. एवढ्यानं ती ह्यांच्या मनातून उतरली असती. नेमबाज बायकोवर रुसेल, देवावर रुसेल, पण लंगडं काडतूस देणाऱ्याला कधी माफ करत नाही.

वाळूचा डबा उघडला तर तो रिकामा. तीन-साडेतीन महिन्यांत माझ्याकडून एकही लंगडं निघालं नव्हतं. तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! म्हटलं, आता हात असा बसलाय की केप चुकतच नाही.

मग एकच मार्ग उरला. रविवारी सकाळी हे आंघोळीला गेले तशी मी मागच्या खोलीत शिरले. यंत्राचा दांडा नेहमी पूर्ण खाली आणायचा, तो त्या दिवशी जरा अलीकडेच थांबवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी मुद्दाम चूक केली. खोटं पटायचं तर पुरं हवं, म्हणून काडतूस नीट भरलं. बुडाला डाळिंबी कडं फिरवलं. रंग छान बसला.

फुंकर मारून वाळवलं आणि काचेवर ठेवलं.

ते ताठ उभं राहिलं.

मी पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. ताठ. बोट फिरवून पाहिलं तर केप वर होती, नखाला लागत होती. तिसऱ्यांदा ठेवलं. हू नाही की चू नाही, शहाण्या मुलीसारखं उभं.

मग माझं लक्ष खाली गेलं. काचेवर माझा क्रोशाचा रुमाल होता.

तो मीच घातला होता. फेब्रुवारीत डॉक्टरांनी ह्यांचं ब्लडप्रेशर पाहून सांगितलं होतं, दुपारी तासभर शांत झोप हवी. माझं भरायचं काम दुपारचंच, आणि मागची खोली त्यांच्या खाटेला लागून. शंभर काडतुसं म्हणजे शंभर वेळा टक्‌. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी काचेवर जाड रुमाल पसरला. आवाज मेला. मला किती बरं वाटलं होतं. पण मऊ क्रोशात वर आलेली केप रुतून बसते, आणि लंगडंही ताठ उभं राहतं, हे मला साडेतीन महिने सुचलं नाही.

मी रुमाल ओढला. काडतूस नुसत्या काचेवर ठेवलं. टक्‌-टक्‌. ते डुललं.

मी ते पुन्हा ठेवलं नाही. रिकामा वाळूचा डबा समोर होता. हात बसला नव्हता. लंगडी निघत होती, आणि मी त्यांना गुलाबी कडं लावून पेटीत भरत होते.

पेटी.

"निघतो गं," बाहेरून आवाज आला, आणि पाठोपाठ स्कूटरला किक बसल्याचा.

मी धावले तोवर स्कूटर कोपऱ्यावरून वळली होती. पेटीत माझी पन्नास काडतुसं होती, सगळी रुमालावर तपासलेली.

फोन क्लबात नव्हता. चप्पल कुठली घातली ते आठवत नाही. नंतर कळलं, एक माझी होती आणि एक शेजारच्या काकूंची. चौकात रिक्षा मिळाली.

"खाणीवर चला. लवकर."

"वैनी, बसा की निवांत," रिक्षावाला म्हणाला. "रविवारचं कशाला एवढी घाई? मिस्टरांनी डबा इसरला जनू?"

"डबा नाही. चला हो तुम्ही."

माझ्या तोंडाकडे पाहून त्यानं पुढे काही विचारलं नाही. वाटेत मला भाजलेला अंगठा दिसत होता. फाटकात सापडलेला अंगठा भाजत नाही. मला ते मार्चमध्येच दिसलं होतं, आणि मी त्यातून दुसऱ्याच बाईची चूल काढली होती. खाणीकडून एक बार ऐकू आला. लगेच दुसरा आला, नीट, अंतर राखून. म्हणजे सराव चालू होता. कुणाचा ते कळायला मार्ग नव्हता. मूठ उघडली तेव्हा लक्षात आलं, डाळिंबी लंगडं माझ्या हातातच राहिलं होतं. असली वस्तू मुठीत घेऊन रिक्षात बसायचं नसतं हे मला आबांनी शिकवलेलं. मी ते पदरात गुंडाळलं आणि धक्का लागू नये म्हणून उरलेली वाट दोन्ही हातांनी उचलून धरलं.

क्लबाच्या पत्र्याच्या शेडमध्ये लांब टेबल होतं. हे तिथे नव्हते. पलीकडे मैदानात पंचांशी बोलत उभे होते, बंदूक उघडी दुमडून खांद्यावर टाकलेली, रिकामी. मी त्यांना डोळे भरून पाहिलं. मग टेबलाकडे पाहिलं आणि जागीच थांबले.

ऋता टेबलाशी बसली होती. समोर काचेचा तुकडा. डोळ्यांवर जाड चष्मा. माझी पेटी उघडी होती आणि ती माझी गुलाबी काडतुसं एकेक करून काचेवर उभी करत होती. टक्‌. टक्‌. टक्‌. बाजूला वाळू भरलेला डबा होता आणि त्यात तीन गुलाबी बुडं दिसत होती.

माझं सगळं काम, माझ्या सासऱ्यांची रीत, दुसरी बाई माझ्या नवऱ्यासाठी करत होती. ज्या कामासाठी मी धावत आले होते ते आधीच झालेलं होतं, म्हणून खरं तर मी तिच्या पाया पडायला हवं होतं. मला तिची नखं मुळापासून कापून टाकावीशी वाटली.

तिनं वर पाहिलं. "वहिनी? तुम्ही?" ती गडबडून उठली. "बसा. सरांना बोलावू?"

"नको. किती निघाली?"

तिनं चष्मा काढला. "आज तीन. मागच्या रविवारी सात होती."

सात. म्हणजे तिनं माझी सात बाजूला काढली आणि स्वतःची सात घातली, ह्यांना पन्नास पुरावीत म्हणून.

"कधीपासून?"

"रंगपंचमीपासून. सरांनी बंदूक मिटली आणि मिटतानाच बार झाला. नळी जमिनीकडे होती म्हणून बरं. माझ्या पायापासून दोन हातांवर खड्डा पडला. सरांचा अंगठा तेवढा भाजला." ती हे सगळं हजेरी घेतल्यासारखं सांगत होती. "तेव्हापासून मी आधी तपासते. एखाददुसरं निघालं तर सर तेवढी कमी उडवायचे; सात निघाली तेव्हा मी माझी घातली. लंगडी घरी नेऊन दुसऱ्या दिवशी उलगडते."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मी सरांना दर आठवड्याला म्हणत होते, वहिनींना सांगा. ते म्हणायचे, सांगतो, सांगतो."

"मग तुम्ही माझाच रंग लावायचा होता. मला कळलंही नसतं."

"ते बरं दिसलं नसतं," ऋता म्हणाली. "तुमचा रंग म्हणजे तुमची सही. माझ्या कामावर तुमची सही कशी करू? उद्या माझं चुकलं तर बोल तुम्हाला लागला असता."

मी पदर सोडला आणि ते काडतूस तिच्या काचेवर ठेवलं. टक्‌-टक्‌. डाळिंबी कडं उन्हात चमकत होतं.

ऋतानं ते वाकून पाहिलं, हात न लावता. मग माझ्याकडे पाहिलं. "हे माझं नाही."

"नाही. माझं आहे. आज सकाळी केलंय. मुद्दाम."

हे सांगायची गरज नव्हती. मी म्हणू शकले असते, पिशवीत सापडलं. पण समोर तीन गुलाबी बुडं वाळूत बसली होती, आणि त्यांच्यापुढे खोटं बोलायला माझी जीभ वळली नाही.

ती हुशार बाई होती. कशासाठी केलं, कुणाला दाखवायला केलं, हे तिला विचारावं लागलं नाही. तिच्या गालावर एकदा रक्त चढलं आणि उतरलं. तिनं चष्मा पुन्हा लावला, ते डाळिंबी काडतूस दोन बोटांनी उचललं आणि हळूच वाळूत, गुलाबींच्या शेजारी ठेवलं.

"लंगड्याशी वाद घालायचा नाही," ती म्हणाली. "तुमच्याच घरचा नियम ना? सरांनी पहिल्या दिवशी शिकवला मला."

मग तिनं मला पाणी दिलं. मी ते प्यायले. अजून सांगते, त्या पाण्याचा मला राग आला होता.

आम्ही दोघं स्कूटरवरून घरी आलो. जेवणं झाली. हे खाटेवर पडले. मी मागच्या खोलीच्या दारात उभी राहिले.

"मला का नाही सांगितलंत?"

हे छताकडे बघत राहिले. "तुला वाईट वाटलं असतं."

"आणि तिच्यासमोर आज वाटलं ते?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "फेब्रुवारीत तुझा आवाज बंद झाला."

"कसला आवाज?"

"काचेचा. बावीस वर्षं दुपारी मी त्या आवाजावर झोपतोय. एक दिवस तो आलाच नाही. मग रोजच येईना. मला वाटलं, तू तपासायचं सोडलंस. म्हटलं, कंटाळली असेल. माझ्या बंदुकीला, मलाही. कसं विचारणार? हो म्हणाली असतीस तर?"

पंचावन्न वर्षांचा माणूस, जिल्ह्यात तीन पदकं, आणि चार भिंतींत बायकोला एक प्रश्न विचारायची हिंमत नाही. लंगड्या काडतुसांशी खेळला, पण विचारलं नाही. आणि मी तरी कुठे विचारलं? सात पुंगळ्या पुसून वेगळ्या ठेवल्या आणि नेलपॉलिश घेऊन आले.

मी क्रोशाचा रुमाल आणून त्यांच्या छातीवर टाकला. "हा घातला होता काचेवर. तुमची झोप मोडू नये म्हणून."

त्यांनी तो उचलला, उलटा केला, सुलटा केला. एकदा माझ्याकडे पाहिलं. रुमालाची घडी घातली, ती उशीखाली सरकवली आणि कुशीवर वळले.

ऋताशी माझं पुढे बरं जमलं. माझ्या मुलीच्या लग्नात ती पाच दिवस राबली. हे जाऊनही आता नऊ वर्षं झाली, बंदूक तिच्याकडेच आहे, परवान्यासकट. तरी तिची डाळिंबी नखं दिसली की माझ्या पोटात अजून जरासं पेटतं. त्याला इलाज नाही, आणि आता मी तो शोधतही नाही.

त्या दुपारी मात्र मी यंत्रापाशी बसले. दांडा पूर्ण खाली आणला. भरलेलं काडतूस उघड्या काचेवर ठेवलं. टक्‌. दुसरं. टक्‌. विसाव्याच्या आसपास टक्‌-टक्‌ झालं.

"लंगडं," आतून आवाज आला.

"ऐकलं मी," मी म्हटलं आणि ते वाळूत ठेवलं.

चौऱ्याऐंशीव्याला ते घोरायला लागले. मी उरलेली सोळाही काचेवर वाजवूनच ठेवली.